लटकी कुस्ती आणि जाणता प्रेक्षक

१

ज्या लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो ती पाहावयास माणसे पदरचे पैसे मोडून का जातात, असा प्रश्न अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीविषयी हटकून विचारला जातो. नाटकाविषयी तो कोणी विचारीत नाही. ‘एकच प्याला’चा शेवट ठाऊक असलेले लोकच ते नाटक पुनःपुन्हा पाहात आले, आणि कंसाचा वध होणार हे ज्याला ठाऊक नाही असा श्रोता कीर्तनाला औषधालाही सापडावयाचा नाही. कुस्तीला मात्र आपण निराळा न्याय लावतो. कुस्ती म्हटली की आपल्याला लाल माती आठवते, हलगी आठवते, कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली निकाली लढत आठवते, १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव आठवतात. तो शब्दच आपण खरेपणाशी बांधून ठेवला आहे. त्यामुळे दिव्यांच्या लखलखाटात, कर्कश संगीताच्या साथीने, चित्रविचित्र पोशाख केलेली धिप्पाड माणसे एकमेकांना उचलून आपटू लागली आणि त्यालाही कोणी कुस्ती म्हणू लागला की आपल्याला तो मातीचा अपमान वाटतो.

परंतु हा प्रकार आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. १९५०-६० च्या सुमारास मुंबईला दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्यांना अलोट गर्दी लोटत असे. तो ‘फ्रीस्टाइल’ शब्द आज मराठी वर्तमानपत्रे नगरपालिकेच्या सभेतील हाणामारीसाठी सर्रास वापरतात. दारासिंग स्वतः चित्रपटात गेले, दूरचित्रवाणीच्या ‘रामायणा’त हनुमान झाले आणि २००३ साली राज्यसभेवर नियुक्त झाले. पुढे १९९० नंतर घरोघर केबल आली आणि अमेरिकेतील मल्ल आपल्या बैठकीच्या खोलीत उतरले. त्यांच्या चित्रांचे पत्ते निघाले. पत्त्यावर उंची, वजन, छाती, दंडाचा घेर असे आकडे असत. आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत पोरे त्या आकड्यांवर एकमेकांचे पत्ते जिंकीत. आज चाळिशीत असलेल्या पिढीला ही नावे पाठ्यपुस्तकातल्या नावांपेक्षा अधिक पाठ होती, हे एक मास्तर म्हणून मी काहीशा दुःखाने आणि त्या पिढीचा म्हणून काहीशा आनंदाने सांगू शकतो.

मात्र या लेखात मला त्या मल्लांपेक्षा त्यांच्या शौकिनाचा विचार करावयाचा आहे. तोंडाचा आ वासून पाहणारा भाबडा प्रेक्षक मला अभिप्रेत नाही. सारे काही ठरलेले आहे हे पुरते जाणून जो वर्षानुवर्षे ही कुस्ती पाहतो, तिच्यावर बोलतो, वाद घालतो, असा जाणता शौकीन अमेरिकेत फार मोठ्या संख्येने आहे. त्याची मते कुस्तीपाशी थांबत नाहीत. ती साधारणपणे तीन आहेत. पहिले असे, की ही कुस्ती एक कला आहे आणि तिला खोटी म्हणून नाक मुरडणारा अरसिक आहे. दुसरे असे, की दूरचित्रवाणीवरील विनोद हा या कुस्तीचाच सख्खा भाऊ असून जो विनोदकार आपले सोंग शेवटपर्यंत सोडीत नाही तोच अस्सल. आणि तिसरे असे, की राजकारण हीही कुस्तीच होय; पुढारी कॅमेऱ्यापुढे भांडतात आणि रात्री एका पंगतीला बसतात; हे ज्याला उमगले त्याला कोणी फसवू शकत नाही. यांतील पहिले मत मला मान्य आहे. दुसरे अर्धे मान्य आहे. तिसरे मला साफ चुकीचे वाटते. आणि मौज अशी की ते खोडून काढण्याचे सामर्थ्य त्याच्या पहिल्याच मतात आहे.

२

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५२ साली पॅरिसमधील अशाच कुस्त्यांवर एक निबंध लिहिला. १९५७ साली निघालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या त्याच्या संग्रहात तो अगदी आरंभी आहे. मुष्टियुद्धाचा प्रेक्षक निकालाकडे डोळे लावून बसलेला असतो, म्हणून त्यावर पैज लागते. या कुस्तीत पैज लावण्यात अर्थच नाही, कारण येथे पाहावयाचे ते त्या त्या क्षणाचे दर्शन, असे त्याचे म्हणणे. वेदना, पराभव, दुष्टपणा आणि शेवटी दुष्टाला मिळालेली शिक्षा ही सर्व येथे मोठ्या अक्षरांत लिहिल्यासारखी स्पष्ट दिसतात. आपल्याकडे दशावतारात संकासुर प्रवेश करतो तेव्हा तो कोण हे कोणाला विचारावे लागत नाही, तसेच हे.

बार्थचा प्रेक्षक खऱ्याखोट्याची चौकशीच करीत नाही. आजचा शौकीन त्याच्या पुढे गेला आहे, कारण त्याने चौकशी पूर्ण केली आहे. या धंद्याची एक गुप्त बोली होती. सोंग सर्वांसमक्ष खरे म्हणून वागविण्याच्या रिवाजाला तीत ‘केफेब’ म्हणत. सज्जन मल्ल म्हणजे ‘बेबीफेस’, दुर्जन म्हणजे ‘हील’. ठरवून केलेले ते ‘वर्क’, आणि ठरल्याबाहेर खरोखर घडलेले ते ‘शूट’. पूर्वी हे शब्द बाहेरच्याला कळू नयेत अशी खबरदारी घेतली जाई. सज्जन आणि दुर्जन यांनी रस्त्यावर एकत्र दिसू नये असाही दंडक होता. १९८९ साली व्हिन्स मॅकमहॉन यांच्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपली कुस्ती ही क्रीडा नसून करमणूक आहे असे सांगून टाकले. क्रीडास्पर्धांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाच्या कचाट्यातून सुटण्यासाठी ते सोयीचे होते. गुपित असे सरकारदरबारी फुटले. आणि कुस्तीची गर्दी मात्र ओसरली नाही. उलट १९९० नंतरच्या दहा वर्षांत तिने पूर्वीचे सारे उच्चांक मागे टाकले. खोटेपणा कळला म्हणजे लोक उठून जातील, हा सुधारकांचा जुना समज येथे पार लटका पडला.

उठून न जाता हा शौकीन समीक्षक झाला. डेव्ह मेल्टझर हे पत्रकार आपल्या ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ या वार्तापत्रातून कित्येक दशके एकेका कुस्तीला तारे देत आले आहेत. पाच तारे म्हणजे परिपूर्ण. २०१७ च्या जानेवारीत टोकियो येथे झालेल्या केनी ओमेगा आणि काझुचिका ओकादा यांच्या कुस्तीला त्यांनी सहा दिले. पाचांपैकी सहा गुण देणारा परीक्षक आमच्या शाळाखात्यात एक दिवस टिकला नसता. पण त्यामागचा रसिकाचा उमाळा समजण्यासारखा आहे. हे तारे कोण जिंकला यासाठी दिलेले नाहीत. लढत कशी रचली, वेदना कशी दाखविली, प्रेक्षकाला कोठे हसविले नि कोठे श्वास रोखावयास लावला, यांसाठी ते आहेत. नाट्यपरीक्षणाची कसोटी याहून निराळी ती काय असते?

या शौकिनाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते, आणि माझ्या मते ती सर्वांत मोलाची आहे. या कुस्तीत आपटणारा आणि आपटला जाणारा हे दोघे मिळून एकच काम करीत असतात. ‘पाइलड्रायव्हर’ नावाचा एक डाव आहे. त्यात प्रतिस्पर्ध्याला उलटे धरून त्याचे डोके आपल्या मांड्यांमध्ये घ्यावयाचे आणि धाडकन खाली बसावयाचे. डोके किंचित वर राहिले तर प्रेक्षकाला थरार मिळतो. दोन इंच खाली आले तर मान मोडते. म्हणजे ज्याला आपण शत्रू म्हणून पाहतो त्याच्याच हाती या मल्लाने आपली मान विश्वासाने दिलेली असते. दुर्जनाचे सोंग घेणारा मल्ल जितका भयंकर दिसतो तितका तो समोरच्या देहाला जपत असतो. किंबहुना जो जपत नाही त्याच्याशी लढावयास धंद्यात कोणी तयार होत नाही. शाळेच्या मैदानावर एखादा मुलगा दूरचित्रवाणीवर पाहिलेला हाच डाव दुसऱ्यावर करू पाहतो तेव्हा हाड मोडते. त्या दुसऱ्याला कसे पडावयाचे ते ठाऊक नसते, आणि मुख्य म्हणजे त्याला कोणी विचारलेले नसते. ज्याने त्याला उचलले त्याने फक्त अर्धा डाव पाहिलेला असतो.

तेव्हा या कुस्तीत खोटे काय ते भांडण; देह खरे, पडणे खरे, आणि परस्परांवरचा विश्वासही खरा. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोरीने रिंगणात उतरत असताना खाली कोसळला आणि मरण पावला. हे कार्यक्रमातले नाही, हे खरोखर घडले आहे, असे जिम रॉस या निवेदकाला घरी बसलेल्या प्रेक्षकांना स्पष्ट शब्दांत सांगावे लागले. समोर बसलेल्या प्रेक्षकांना तर काहीच सांगितले गेले नाही, आणि पुढील कुस्त्या चालू राहिल्या. सोंगाची सवय इतकी मुरली होती की मरणालाही आपण सोंग नाही हे बजावून सांगावे लागले. या एका रात्रीचा विसर पडू दिला नाही तर जाणत्या शौकिनाच्या बाकीच्या मतांचे परीक्षण सोपे जाते.

३

विनोदाकडे वळताना हा शौकीन पहिल्यांदा अँडी कॉफमनचे नाव घेतो, आणि ते रास्तच आहे. ‘टॅक्सी’ या दूरचित्रवाणी-मालिकेमुळे घरोघर माहीत झालेला हा विनोदी नट स्त्रियांशी कुस्ती खेळण्याचे आव्हान देऊ लागला. मला चीत करणारीला १,००० डॉलर देतो, असे तो म्हणे आणि सोबत स्त्रियांची मनसोक्त कुचेष्टा करी. ५ एप्रिल १९८२ रोजी मेम्फिस येथे जेरी लॉलर या व्यावसायिक मल्लाने त्याला तोच पाइलड्रायव्हर मारला. कॉफमन पुढे कित्येक दिवस मानेला पट्टा बांधून हिंडत होता. त्याच वर्षीच्या जुलैत डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमात दोघे शेजारी बसले असता लॉलरने त्याच्या थोबाडीत अशी दिली की तो खुर्चीवरून खाली पडला. प्रेक्षक सुन्न झाले. १९८४ साली कॉफमन मरण पावला तोपर्यंत दोघांपैकी कोणीही ब्र काढला नाही. ते दोघे मिळून हे सारे करीत होते, ही कबुली लॉलरकडून यावयास पुढे बरीच वर्षे जावी लागली.

शौकिनाचे म्हणणे असे, की हाच विनोदाचा अस्सल नमुना. मालिकांत ध्वनिमुद्रित हशा लावतात, नट संवाद फेकून प्रेक्षकाकडे पाहून डोळा मिचकावतो आणि ‘हे सारे गमतीचे आहे बरे का’ असे आश्वासन देतो. त्या आश्वासनाने विनोदातले वीष निघून जाते. कॉफमनने ते आश्वासन नाकारले, म्हणून प्रेक्षकाला स्वतःच ठरवावे लागले की हसावे, चिडावे की उठून जावे. आपला तमाशातला सोंगाड्या याच्या नेमका उलट वागतो. तो वगातून क्षणोक्षणी बाहेर येतो, राजाच्या तोंडावर राजाचे सोंग उघडे पाडतो, समोर बसलेल्या पाटलालाही चिमटा काढतो. दोन्ही रीतींत सामर्थ्य आहे, आणि सोंगाड्याला कमी लेखावयास मी तयार नाही. परंतु सोंग न सोडणारा विनोदकार प्रेक्षकाची अधिक कठोर परीक्षा घेतो, एवढे मी मान्य करतो.

मतभेद सुरू होतो तो विनोद राजकारणाला भिडतो तेथे. दूरचित्रवाणीवरचा विनोद सत्ताधाऱ्यांचे मुखवटे ओरबाडतो, म्हणून तो लोकशाहीचा पहारेकरी आहे, असे या शौकिनाला वाटते. इतिहास पाहिला तर हा पहारेकरी दार उघडे टाकूनही बसतो. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा कार्यक्रम ऑक्टोबर १९७५ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड साल्झबर्ग येथे विमानाच्या शिडीवरून घसरले होते. चेव्ही चेस या नटाने त्यांची नक्कल करताना चेहरा रंगविला नाही की आवाज बदलला नाही. तो नुसता धडपडत राहिला. मिशिगन विद्यापीठाकडून फुटबॉल खेळलेला हा चांगला कसरती माणूस लोकांच्या मनात कायमचा धांदरट ठरला. त्यांनी कोणता कायदा केला, कोणता अडवला, यावर त्या नकलेत चकार शब्द नव्हता. मुखवटा ओरबाडण्याऐवजी विनोदाने एक नवा मुखवटा चढवला, एवढेच घडले. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये याच कार्यक्रमाने, निवडणुकीच्या रिंगणात उतरलेल्या डोनाल्ड ट्रंप यांना सूत्रधार म्हणून बोलावले. आणि ते निवडून आल्यावर चार वर्षे त्यांच्या नकला केल्या. ज्याची टर उडवावयाची त्यालाच पाहुणा म्हणून मानाचे पान वाढावयाचे, या रीतीला कुस्तीच्या बोलीत निश्चित एखादे नाव असेल.

या संदर्भात जॉन स्टुअर्ट या विनोदकाराचे उदाहरण मला फार बोलके वाटते. ऑक्टोबर २००४ मध्ये तो सीएनएनच्या ‘क्रॉसफायर’ या कार्यक्रमात गेला. डावा आणि उजवा असे दोन यजमान तेथे रोज एकमेकांवर ओरडत. आमचा हा वादविवादाचा कार्यक्रम आहे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने उत्तर दिले ते अशा अर्थाचे, की याला वादविवाद म्हणणे म्हणजे व्यावसायिक कुस्तीला क्रीडास्पर्धा म्हणण्यासारखे आहे. यजमानांना त्याच्याकडून विनोद हवे होते. ते करण्याचे त्याने नाकारले आणि तुम्ही देशाचे नुकसान करीत आहात ते थांबवा, अशी सरळ विनवणी केली. काही महिन्यांत तो कार्यक्रम बंद करण्यात आला. सोंग उतरवून बोललेल्या माणसाच्या शब्दाला वजन आले, असे हे विरळा उदाहरण.

पण ती विनवणी जाणत्या प्रेक्षकाने कशी घेतली? एक झकास ‘शूट’ म्हणून घेतली. मनातल्या मनात तिला तारे दिले. वीस वर्षे ती चित्रफीत लोक आवडीने पाहात आले, आणि ओरडण्याचे कार्यक्रम एकाचे दहा झाले. जे कळकळीने सांगितले ते बाजूला राहिले. ते किती रंगले एवढेच लक्षात राहिले. हसणाऱ्याला आपण शहाणे आहोत असे प्रमाणपत्र विनोदाकडून लगेच मिळते. आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर अभ्यास करणारा विद्यार्थी मी तरी फारसा पाहिलेला नाही.

४

आता तिसरे मत. त्याच्या बाजूने पुरावा भरपूर आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. जेसी व्हेंचुरा हा रिंगणातला दुर्जन १९९८ साली दोन्ही मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना हरवून मिनेसोटा राज्याचा राज्यपाल निवडून आला. आणि १९९९ साली, पदावर असतानाच, मिनियापोलिस येथील एका कुस्तीत पंच म्हणून उभा राहिला. १ एप्रिल २००७ रोजी डेट्रॉइट येथे ट्रंप आणि व्हिन्स मॅकमहॉन यांनी प्रत्येकी एक मल्ल उभा केला. ज्याचा मल्ल हरेल त्याने डोक्याचे मुंडन करून घ्यावयाचे अशी पैज होती. ट्रंप यांचा मल्ल जिंकला आणि मॅकमहॉन यांचे भर रिंगणात मुंडन झाले. २०१३ साली ट्रंप यांचे नाव त्या कंपनीच्या मानकऱ्यांच्या यादीत गेले, २०१६ साली ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. मॅकमहॉन यांच्या पत्नी लिंडा यांनी ही कंपनी कित्येक वर्षे चालविली होती. त्या २०१० आणि २०१२ साली सेनेटची निवडणूक हरल्या; पुढे ट्रंप यांच्या पहिल्या कारकीर्दीत लघुउद्योग खात्याच्या प्रमुख झाल्या आणि २०२५ साली देशाच्या शिक्षणमंत्री झाल्या. जुलै २०२४ मध्ये मिलवॉकी येथे रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात हल्क होगन या जुन्या मल्लाने रिंगणात करी तसा अंगातला सदरा टरकावला. ‘क्रॉसफायर’मध्ये स्टुअर्टने ज्यांना फैलावर घेतले त्या यजमानांपैकी एक, टकर कार्लसन, यांचेही भाषण त्याच रात्री त्याच व्यासपीठावर झाले.

हे सर्व पाहून शौकीन म्हणतो, मी सांगत नव्हतो? सज्जन कोण नि दुर्जन कोण हे ठरलेले, भांडणे ठरलेली, समेट ठरलेले, सारे केफेब. आपण खुर्चीत रेलून पाहावे आणि कोणाचे काम चांगले झाले ते सांगावे.

येथे मला त्याला त्याच्याच पहिल्या मताची आठवण करून द्यावयाची आहे. रिंगणात जो पडतो तो पडावयास तयार झालेला असतो. त्याला डाव ठाऊक असतो, तो त्याचे पैसे घेतो, आणि त्याची मान दुसऱ्याने जपलेली असते. राजकारणात पडणारा कोण असतो? विधेयकावरचे भांडण लुटुपुटूचे असू शकेल. विधेयक लुटुपुटूचे नसते. दोन पुढारी सभागृहात गरजतात आणि रात्री एका पंगतीला बसतात हे खरे धरले, तरी त्या दिवशी जो कायदा संमत झाला तो दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी दवाखान्याच्या बिलावर, कोणाच्या तरी शाळेच्या फीवर, कोणाच्या तरी देशात राहण्याच्या परवान्यावर येऊन पडतो. त्या माणसाला कोणी डाव आधी सांगितलेला नसतो. त्याने पडण्याचा सराव केलेला नसतो. त्याची मान कोणाच्याच हातात नसते.

६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टन येथे जमाव कॅपिटॉल इमारतीत घुसला. निवडणुकीच्या निकालावर शिक्कामोर्तब होत होते ते त्याला थांबवावयाचे होते. शिंगांची टोपी घातलेला, तोंड रंगविलेला एक इसम सभागृहात उभा असल्याचे छायाचित्र जगभर गेले, आणि पुष्कळांना तो सारा प्रकार एखाद्या कुस्तीच्या प्रवेशासारखा वाटून हसू आले. सोंग होतेच त्यात. पोशाख होते, आरोळ्या होत्या, आपण कोणत्या कथेतले नायक आहोत याची धुंदी होती. परंतु सुमारे १४० पोलीस त्या दिवशी जखमी झाले. दारात चेंगरलेल्या पोलिसाने हा प्रवेश करावयाचे कबूल केले नव्हते. शाळेच्या मैदानावर अर्धा डाव पाहून आलेला मुलगा आणि हा जमाव यांच्यात मला फरक दिसतो तो वयाचा आणि संख्येचा.

म्हणून ‘राजकारण म्हणजे कुस्तीच’ हे वाक्य ऐकले की मला वाटते, तसे असते तर बरे झाले असते. कुस्तीतला प्रत्येक दुर्जन आपल्या प्रतिस्पर्ध्याला घरी चालत जाता यावे याची काळजी घेतो. राजकारणाने कुस्तीपासून शड्डू घेतला, आरोळी घेतली, दुर्जन बनवण्याची युक्ती घेतली. ही काळजी मात्र तिथेच ठेवली. जाणत्या शौकिनाने ओरडून सांगावयाचे ते हे. त्याच्याइतके हे कोणाला ठाऊक असणार? प्राध्यापकाला नाही, वर्तमानपत्राच्या संपादकाला नाही. ज्याने पाइलड्रायव्हर शेकडो वेळा पाहिला आहे आणि त्यातले ते दोन इंच ज्याला ओळखता येतात, त्यालाच ते सांगता येईल. पण तो तारे देण्यात गुंतला आहे.

त्याची चूक कोठे होते हेही पाहण्यासारखे आहे. १९९७ च्या नोव्हेंबरात माँट्रियल येथे ब्रेट हार्ट हा मल्ल, ओवेनचा थोरला भाऊ, कंपनी सोडून जाणार होता. ठरल्या निकालाविरुद्ध, त्याने हार मानलेली नसताना, मॅकमहॉन यांच्या हुकुमावरून घंटा वाजविण्यात आली आणि त्याचा पट्टा गेला. ही खरीखुरी दगाबाजी होती. पुढे काय झाले? मॅकमहॉन यांनी त्याच बदनामीतून दुष्ट मालकाचे पात्र उभे केले, आणि ते पात्र त्या काळातले सर्वांत गाजलेले दुर्जन ठरले. खरा अन्याय कथानकात जिरवला की त्याचा जाब विचारणारा कोणी उरत नाही. प्रेक्षक पुढच्या भागाची वाट पाहू लागतो. जाणत्या प्रेक्षकाला हे ठाऊक असते. तरीही तो वाट पाहतो, कारण ठाऊक असण्यातच त्याला आपले काम संपल्यासारखे वाटते. भाबडा प्रेक्षक निदान खुर्चीवरून उठून दुर्जनाला शिव्या तरी देतो.

आपली भाषा या बाबतीत अमेरिकेच्या आधीपासून सावध असावयास हवी होती. आपण निवडणुकीला आखाडा म्हणतो. उमेदवार शड्डू ठोकतो, डावपेच लढवतो, कोणाला चीतपट करतो, कोणी कोणाला आसमान दाखवतो. या शब्दांनी आपण राजकारणाकडे पाहू लागलो की आपण आपोआप मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसतो, आणि कोण जिंकला एवढाच प्रश्न उरतो. मातीतली कुस्ती खरी असते आणि रिंगणातली लटकी. पण दोन्हींत जो आत उतरतो तो राजीखुशीने उतरतो. लोकशाहीत पायऱ्यांवर बसलेला माणूसच खाली पडत असतो, आणि हे त्याला बहुधा पडल्यावर कळते.

शौकिनाच्या रसिकतेबद्दल मला आदर आहे. लटक्यातले सौंदर्य ओळखण्यासाठी डोळस मन लागते, आणि ते त्याच्यापाशी आहे. त्याने ते रिंगणाबाहेरही डोळस ठेवावे एवढीच अपेक्षा. पुढारी एकमेकांवर तुटून पडले की कोणाचे काम रंगले हे त्याने खुशाल पाहावे. पण त्याच वेळी खाली कोण पडले, त्याला आधी कोणी विचारले होते काय, आणि त्याची मान कोणी धरली होती काय, हे तीन प्रश्न त्याने विचारावेत. रिंगणातल्या साध्या पंचालाही ते विचारावे लागतात.